कोठी उघडायच्या आधी

॥ श्री ॥

रामवाडी, पेण
२ एप्रिल २०२५

चि. आदेश,

आशीर्वाद लिहितो आहे. घ्यायचा की नाही ते तू ठरव. मोठ्या माणसाने लिहायचा असतो म्हणून लिहिला.

आम्ही इथे बरे आहोत. तुझी सरूकाकू गुडघ्याने बेजार आहे, तोंडाने नाही. ही खोली हायवेला इतकी लागून आहे की मोठी गाडी गेली की मांडणीवरची भांडी वाजतात. सकाळच्या मिनिडोर रिक्षाने मी शेतावर जातो, ऊन चढायच्या आत परत येतो. गावात शिरत नाही, बांधावरूनच वळतो. वाल यंदा चांगले झाले. झोडून, राख लावून डब्यात भरले. पत्राबरोबर थोडे पाठवतो आहे, नमिता त्याचं बिरडं करील. वडखळला रस्ता पुन्हा खणून ठेवला आहे, त्यामुळे गाडीवाला अष्टमीत तुझ्या घरी कधी पोचेल ते त्यालाही ठाऊक नाही. तरी पुढच्या गुरुवारी कोठी उघडते, त्याच्या आत नक्की पोचव, असं मी त्याला दोनदा बजावलं आहे.

परवा नमिताचा सरूला फोन आला. तुझ्या मागे केला म्हणून तिच्यावर रागावू नकोस. ती म्हणाली, "काकू, ह्यांनी कंपनीत रजा टाकलीय. कोठी उघडायला गावी जाणार. मान आपल्या घराचा हाय, बाबांनंतर मीच उतरणार म्हणतात." सरूने फोन माझ्या हातात दिला तर पोरगी गप्प झाली. माझ्याशी बोलायचं नाही हे तिलाही कळलेलं असणार.

सरू म्हणाली, "आता तरी लिवा. का अजून देवीला इचारायचं हाय?"

देवीला विचारून झालं आहे. गावच्या देवळातली दिवाबत्ती माझ्याकडून काढून घेतली, पण घरात कोनाड्यात तिचा टाक आहे, त्याच्यापुढे मी रोज बसतो. उत्तर मिळालं असं म्हणण्याइतका मी मोठा नाही. पण तिच्यापुढून उठलो तो लिहायलाच बसलो, एवढं खरं.

तू जुनी कणगी नीट पाहिलेली नाहीस, म्हणून तिथपासून सांगतो. आमच्या लहानपणी देवीचं भात बांबूच्या कणगीत असायचं. शेणाने सारवलेली, माणसाच्या छातीएवढी. सुगी झाली की घरटी भात आणून त्यात ओतायचं आणि चैत्रातल्या जत्रेआधी ती उघडायची. आपल्या घराचा मान म्हणजे आत उतरायचं, पायांनी भात मोकळं करायचं आणि पहिली पायली भरून बाहेर द्यायची. ती देवीपुढे ओतून "लाभ" म्हणेपर्यंत गावात कोणी तोंड उघडायचं नाही. तुझे आजोबा उतरत तेव्हा त्यांचे खांदे आणि डोकं बाहेर दिसायचं. नाकात कुसं जाऊन शिंक आली की ती दाबताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की मी आणि दादा, म्हणजे तुझे बाबा, सदऱ्याचं टोक तोंडात कोंबून हसायचो. ते मौन असं होतं. उतरलेला माणूस सगळ्यांना दिसत असे.

मग पत्र्याची कोठी आली. उंदीर नाही, वाळवी नाही, सगळं खरं. दोन पुरुषांहून उंच, वर झाकण, बाजूला शिडी, तळाला झडप. झडप सरकवली की भात आपलं आपण खाली येतं. आत कोणी उतरायचं कारणच उरलं नव्हतं. पण मान सोडायचा कसा? म्हणून बैठकीत ठरलं, मानकऱ्याने वरून उतरून भात मोकळं करायचं आणि त्याच वेळी खालून झडप उघडून पहिली पायली घ्यायची. त्या बैठकीत मीही मांडी घालून बसलो होतो. कोणालाच त्यात वावगं दिसलं नाही. कणगीची रीत आम्ही जशीच्या तशी उचलली आणि कोठीत ठेवली.

सुरुवातीची वर्षं निभावलं, कारण भात कडकडीत वाळलेलं असे आणि कोठी अर्धीच भरे. दादा गेला त्या साली मात्र कापणीत पाऊस आला. लोकांनी ओलसर भात तसंच आणून ओतलं. असं भात वरून धरतं. भाकरीला पापुद्रा यावा तसा, पण पायाखाली टणक लागणारा थर होतो. खालची झडप उघडली की आतलं भात निघून जातं आणि थराखाली पोकळी राहते. वरून बघणाऱ्याला कोठी भरलेली दिसते. माणूस त्यावर उभा राहतो, थर फुटतो आणि तो सरळ खाली जातो. खाली भात वाहतच असतं, ते त्याला आणखी ओढतं.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. नंतर पेणला आगीच्या बंबावरच्या माणसाने समजावून सांगितलं.

आता त्या सकाळचं लिहितो. मी शिडीच्या वरच्या पायरीवर होतो, दादाच्या हातात काठी द्यायला. खाली दाजी पायली घेऊन. गावकीत त्यांचा शब्द शेवटचा, हे तुला सांगायला नको. झडपेला सुशील. बाया मांडवाबाहेर, त्यात तुझी आई. तू मागच्या अंगणात पानं मांडत होतास.

दादा झाकणातून आत पाय टाकताना म्हणाला, "शिडी नीट धर दत्तू. तुझं ध्यान देवीकडं आणि मी इकडं पडायचो."

मी म्हटलं, "गप. मौन हाय."

"घंटा कुठं वाजलीय अजून? तंवर बोलून घेतो. हौसानं आज चहात साखर घातली नाय. एवढं देवीच्या कानावर घाल."

"वहिनीलाच सांग की."

"तिला सांगायची हिंमत असती तर देवीकडं आलो असतो का?"

मी हसलो. दाजींनी घंटा वाजवली.

दादाने काठीने आणि टाचांनी थर फोडायला घेतला. खाली सुशीलने झडप सरकवली. पत्र्यातून भात उतरायला लागलं की आवाज फार मोठा होतो, शेजारच्याचंही ऐकू येत नाही. दादा घोट्यापर्यंत गेला, मग गुडघ्यापर्यंत. त्याने वर बघून भुवया उडवल्या, बघ म्हणून. मग एकदम कमरेपर्यंत गेला आणि त्याच्या हातातली काठी आडवी झाली.

इथपर्यंतचं तुला माहीत आहे. इथून पुढे गाव काय सांगतं तेही माहीत आहे. काळुरामने प्राण दिला पण मौन सोडलं नाही. दत्तू ओरडला, व्रत मोडलं, देवी कोपली आणि भाताने काळुरामला घेतलं. दाजींनी तुझ्या खांद्यावर हात ठेवून हे सांगितलं तेव्हा मी देवळाच्या पायरीवर होतो. दहाव्याला तू मला नदीवर विचारलंस, "काका, तुम्ही ओरडलात का?" मी हो म्हणालो. तू पुढे विचारलं नाहीस. मीही सांगितलं नाही.

आदेश, माझ्याआधी तुझे बाबा ओरडले.

स्वच्छ आवाजात ओरडले. "दत्तू, झडप लाव." वाफ्यातलं पाणी वळवताना बांधावरून सांगायचा, त्याच आवाजात. त्याला जगायचं होतं. मौन त्याच्या ध्यानातही नव्हतं, आणि का असावं? भाताच्या आवाजात ते खाली पोचलं नाही. झाकणावर वाकलेला मी एकटाच ते ऐकू शकत होतो. मी खाली तोंड करून ओरडलो, "झडप लावा! दादा बुडतोय!" दाजींनी माझ्याकडे बघून पंजा वर केला, गप म्हणून. सुशीलने दाजींकडे बघितलं. मी पुन्हा ओरडलो. सुशील पुन्हा दाजींकडेच बघत राहिला. भात वाहत होतं. सुशीलने झडप लावली तेव्हा वर फक्त दादाचा हात होता, आणि तो माझ्या हातात होता.

ओढून माणूस निघत नाही. मी सगळा जोर लावला. जमिनीत पुरलेला खांब ओढावा तसं. भात छातीला सगळीकडून धरतं, श्वास सोडला की ते आणखी आवळतं, मग पुढचा श्वास घ्यायला जागा राहत नाही. त्याची बोटं माझ्या बोटांत होती, मग नुसती माझीच धरलेली राहिली. पत्रा कापून भात सांडलं तेव्हा तो आत उभाच होता.

हे वर्षभर का दडवलं, तेही सांगतो. दहाव्याला दाजी सगळ्यांसमोर म्हणाले, काळुराम मौनात गेला, त्याच्या बायकोला विधवा मानायचं नाही, देवीपुढे तिची जागा पहिल्या ओळीत, ओटीही तिला मिळेल. सीताबाई विधवा म्हणून इतकी वर्षं भिंतीला टेकून मागे उभी असते ते तू बघतोस. वहिनीने त्या दिवसांत पहिल्यांदा मान वर केली. ते मी पाहिलं. तिथे तोंड उघडून, दादा ओरडला होता, असं कसं सांगणार होतो? मला वाटलं, ओरडल्याचा दोष माझ्या अंगावर राहिला तर राहू दे, मी पेलीन. गावाने बोलणं टाकलं, देवळातून काढलं, पेणला यावं लागलं, त्याचं तितकं वाटलं नाही. तू तोंड फिरवलंस त्याचं वाटलं. पण तू जिवंत होतास, धाटावला कामाला जात होतास, ते पुरे होतं.

आता तू बापासारखा गप्प राहून दाखवायला निघाला आहेस. जो गप्प राहिला नव्हता त्याच्यासारखा.

तूच मागे सांगायचास, कंपनीत टाकीत माणूस उतरवायचा तर आधी सगळे वॉल्व्ह बंद करून कुलूप लावतात, अंगाला पट्टा बांधतात आणि तोंडाशी एक माणूस बसवतात. त्याचं काम एकच, आतल्याशी बोलत राहायचं. उत्तर आलं नाही की घंटी. मी तेव्हा हसलो होतो, बोलत बसायचा पगार मिळतो म्हणून. गेल्या वर्षभरात त्या माणसाची आठवण किती वेळा आली, सांगता येत नाही.

उतरू नकोस. हे काकाचं सांगणं समज, भीक समज, काहीही समज. धरलेला थर झाकणाबाहेर उभं राहून लांब बांबूने फोडता येतो. यंदाही दिवाळीत पाऊस झाला होता, भात धरलेलं असणारच. आणि कोणाला उतरायचंच असेल तर आत माणूस असेतो झडप बंद, अंगाला वरून बांधलेला दोर, आणि तोंड उघडं. देवी यातल्या कशाला रागावत असेल असं मला वाटत नाही. मी तिच्यापुढे आयुष्य काढलं आहे, तिला मी थोडा ओळखतो.

हे सांगून मी तुझ्या आईची जागा काढून घेतो आहे, हे मला कळतं. दादाचं नावही. दोन्ही एका पारड्यात टाकली आणि दुसऱ्यात तू. काय केलं ते तुझ्या समोर आहे.

नमिताला आशीर्वाद.

तुझ्या बापाचा भाऊ,
दत्तात्रेय


रामवाडी, पेण
१४ एप्रिल २०२५

चि. आदेश,

तू गुरुवारी मोटारसायकलवरून निघून गेलास त्यानंतरचं लिहितो. तुला दुसऱ्या कोणाकडून वाकडंतिकडं कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

तू मांडवात उभा राहून म्हणालास, "बाबा ओरडले होते. मी उतरणार नाय, आणि कोणी उतरू पण नका," तेव्हा मी शाळेच्या कुंपणाशी होतो. मला गावात बंदी आहे, पण त्या दिवशी कोणाचं लक्ष नव्हतं. दाजी तुला म्हणाले, "पेणहून शिकवून पाठवलाय तुला." तू आईकडेही न बघता गाडीला किक मारलीस. तू वळणावर दिसेनासा झालास तेव्हा मी खाली बसलो. देवीचं नाव घेतलं, एवढंच आठवतं.

मला वाटलं, आता तरी थांबतील.

दाजींनी नारळ उचलला आणि सुशीलच्या धाकट्या भावाच्या, हितेशच्या हातात दिला. मान त्यांच्या घरी गेला. हितेशने चपला काढल्या. त्याची आई खूश होती रे, पदराने डोळे पुसत होती.

मग मी आत शिरलो. घंटा झाली होती. मी ओरडायला लागलो, "हितेश, आत असताना झडप उघडू देऊ नको! हितेश, ओ दे!" दोघांनी मला दंडाला धरून भिंतीशी नेलं. एकाने तोंडावर हात दाबला, हाताला तंबाखूचा वास होता. मला फक्त सुशील दिसत होता. त्याने झडप चार बोटंही उघडली नाही. भात दोऱ्यासारखं पडत होतं. दाजी हाताने खुणावत होते, आणखी सरकव. सुशील खाली बघत होता, जसं काही दाजी दिसतच नाहीत. पायली भरायला इतका वेळ लागला की लोक चुळबुळ करायला लागले. पण त्याने हात हलवला नाही.

हितेश वर आला. डोक्यापासून पायापर्यंत धुळीने पांढरा, हसत. दाजींनी "लाभ" म्हटलं आणि मग मोठ्याने म्हणाले, "बघितलंत? गप राहिला, वर आला."

सगळ्यांनी बघितलं. आता पुढच्या वर्षी कोणाला काय समजावणार? मी जे सांगत होतो ते खोटं ठरायला एक धडधाकट पोरगा पुरला. आणि तो मेला असता तर मी खरा ठरलो असतो. आदेश, भिंतीशी धरलेला असताना क्षणभर माझ्या मनात ते येऊन गेलं. त्या विचाराची मला अजून शिसारी येते.

सुशील जाताना माझ्या जवळून गेला. थांबला नाही, बघितलंही नाही. त्याला विचारलं तर तो, झडप गंजलीय, असं सांगेल.

ओटी भरायच्या वेळी वहिनी नेहमीच्या जागी उभी होती. सीताबाई मागून म्हणाली, "हौसा, मागं ये गो. हितं माझ्या बाजूला." रागाने म्हणाली नाही. जागा करून दिली, एवढंच. वहिनी मागे गेली नाही. ती मांडवातून बाहेर पडली आणि घरी चालत गेली. मी अंतर ठेवून मागे गेलो.

तिने मला ओसरीवर बसायला सांगितलं नाही. दारात उभी राहून विचारलं, "भावजी, काय म्हणाले ते?"

"झडप लाव म्हणाला."

"आणि?"

"एवढंच."

ती हसल्यासारखी झाली. "व्हय. गोठ्याचं दार लाव, नळ बंद कर, झडप लाव. दुसरं काय बोलणार ते." मग तिने चौकट धरली. म्हणाली, "त्यांनी जीव वाचवायला हाक मारली आणि दाजीनं हात वर केला, तो मी बाहेरनं बघितला. त्याच हातातनं मी वर्षभर ओटी घेतली. तुमाला ठावं होतं. तुमी बघत होता."

मी म्हटलं, "वहिनी, तुझ्यासाठी गप्प राहिलो."

"मला इचारलंत?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

"इचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, मला ती पुढची जागा नको. माझा माणूस शेवटी बोलला काय, ते पायजे. माझं होतं ते. तुमी सगळ्यांनी मिळून ठेवून घेतलंत."

तेव्हापासून मी हेच उलटंसुलटं करतो आहे. गावाने एका सकाळी गप्प राहून जे केलं, ते मी वर्षभर केलं, आणि वर त्याला त्याग समजत होतो. कोनाड्यापुढे बसतो, हात जोडतो, पण देवीकडे काय मागावं ते सुचत नाही. सरूला सांगितलं तर म्हणाली, "मागू नका काय. उद्या सकाळच्या गाडीनं जावा, वहिनींचं पाणी भरा." बंदी असली तरी तसं चाललं आहे. वहिनी बोलत नाही, हंडा मात्र बाहेर काढून ठेवते.

काल हंडा घेताना आतून म्हणाली, "पोराला म्हणावं, मी चिडले नाय. तो उतरला नाय ते बरं केलं. पण माझ्याकडं न बघता गेला."

म्हणून हे पत्र. रविवारी सुट्टी असेल तर गावी ये. नमितालाही आण. आईजवळ बस, तिला हवं ते विचारू दे. मीही येईन. तुला माझ्याकडून काही विचारायचं राहिलं असेल, तर आईच्या समोर विचार. त्या दिवशी जे जे पाहिलं त्यातलं काही गाळणार नाही, दादाच्या हाताचंही. तुम्हा दोघांना ऐकवेल तेवढंच नाही, सगळं सांगेन.

यापुढे तुला पत्र लिहिणार नाही. जे असेल ते तोंडाने बोलेन, तू उठून गेलास तरी.

वाट बघणारा,
तुझा दत्ताकाका